किंमत रस्त्यावर

गाडीत बसण्याआधी ती चपला काढायची. शोरूमच्या पायरीवर, डाव्या अंगाला, जोड नीट जुळवून ठेवायची आणि मग अनवाणी पाय पेडलवर टेकवायची. गाडी पन्नास लाखांच्या पुढची, आतली आसने मऊ कातड्याची, आणि चालवणारीच्या टाचांना भेगा. लातूरला रेल्वेने पाणी आले, त्या उन्हाळ्यात तुम्ही आमच्याकडे गाडी बघायला आला असाल, तर हे दृश्य तुम्हीही पाहिले असेल आणि मनात हसलाही असाल. मीही हसलो होतो.

तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. माझे काम कर्जाच्या कागदांचे. पण महागड्या गाडीच्या टेस्ट ड्राइव्हला शोरूमची दोन माणसे हवीत असा नियम होता आणि बाकी सगळ्यांनी काही ना काही निमित्त काढल्यामुळे मागच्या सीटवर माझी वर्णी लागली. त्यामुळे मी जे सांगतो आहे ते मागच्या सीटवरून पाहिलेले आहे.

"चपला का काढता हो?" मी पहिल्याच दिवशी विचारले.

"आमचे वडील एसटीवर ड्रायव्हर होते, कंधार डेपोला. ते म्हणायचे, गाडी पायाला कळाली पाहिजे. चपलेला काय कळतंय?"

मला स्वतःला गाडीतले एवढेच कळते की लांब बसले की कंबर धरते.

गंमत पुढेच झाली. गिऱ्हाइकांना वाटू लागले की भारी गाडीचा हा रिवाजच असावा. बाई स्वतः चपला काढते म्हटल्यावर आपण बूट घालून कसे बसायचे? मग एकेकाने काढायला सुरुवात केली. रस्त्यांची कंत्राटे घेणाऱ्या एका गुत्तेदाराने बूट काढले, त्याच्या बायकोने जोडव्यांच्या पायांनी आत बसून गाडीला हात जोडले. एक डॉक्टर तर मोजेही काढून खिशात कोंबून बसले. दुपारी आमच्या पायरीवर एवढ्या चपला असायच्या की रस्त्यावरून जाणारा एखादा आत डोकावून विचारायचा, "काय कार्यक्रम हाय?"

"अहो, सांगा ना त्यांना, काढायची गरज नाही म्हणून," मी म्हणालो.

"राहू द्या की. मॅट साफ राहायलेत. धुवायला पाणी कुठंय?"

ते मात्र खरे होते. त्या उन्हाळ्यात गाडी धुणे म्हणजे पाप वाटावे अशी स्थिती होती. कोरड्या फडक्याने पुसून पुसून त्या काळ्याभोर गाडीची कांती राखायची, आणि औसा रस्त्यावरून एक चक्कर मारून आली की ती पुन्हा मातकट.

तिची दुसरी सवय किमतीची. शोरूममध्ये ती किंमत सांगतच नसे. गिऱ्हाईक दारातून आत येता येताच विचारायचे, "केवढ्याला?" आपल्याकडे पाहुण्याला पाण्याआधी गाव विचारतात आणि गाडीला रंगाआधी किंमत. ती किल्ली हातात घ्यायची आणि म्हणायची, "किंमत रस्त्यावर सांगते. बसा. ती काय पळून जायली का?"

रस्ता ठरलेला होता. शहर सुटेपर्यंत ती गाडी अशी सावकाश न्यायची की आत बसलेल्याला झोप यावी. मग मोकळा डांबरी पट्टा आला की, "धरून बसा हं काका," एवढे म्हणून पाय दाबायची. पाठ सीटला चिकटायची, झाडे मागे पळायची, माझ्या तोंडून देवाचे नाव निघायचे. पुढे एका गावाजवळ उंच गतिरोधक होता. तिथे ती वेग अगदी कमी करायची आणि गाडी मुद्दाम सरळ वर घालायची. खालून घर्र असा आवाज यायचा. गिऱ्हाइकाचा चेहरा उतरायचा. वळून येताना तोच गतिरोधक ती तिरपा घ्यायची, एकेक चाक वर चढवत, आणि तेव्हा आवाज यायचा नाही.

"बघितलं? हिचं पोट खाली हाय. सरळ घेतली तर घासतंय, तिरपी घेतली तर न्हाई. गावाकडं नेणार असाल तर हे ध्यानात ठेवा. आता किंमत सांगते."

आणि मग ती सगळी किंमत सांगायची. कर, विमा, टायर बदलायची वेळ आली तर काय पडेल, सर्व्हिसिंगला नांदेडला जावे लागेल, सगळे. मी मागे बसून कपाळाला हात लावायचो. माल विकायचा की मालाचे दोष सांगायचे?

"खोलीत सांगितली की माणूस नुसता आकडा ऐकतोय," ती म्हणायची. "रस्त्यावर सांगितली की गाडीसंगट ऐकतोय. मग मागाहून रडत न्हाई."

आमची मुख्य शोरूम नांदेडला होती. ही अनवाणी तऱ्हा मालकांच्या कानावर गेली तेव्हा ते स्वतः लातूरला आले. तिला बोलावून, मला समोर बसवून ते म्हणाले, "हे बघ, दुष्काळात शाखा चालवणं मला परवडून नाही राहिलं. या महिन्यात ही एक गाडी इथून विकून दाखव. विकलीस तर शाखा तुझ्याकडे, मॅनेजरची खुर्ची तुझी. नाही विकलीस तर शाखा बंद, आणि तू परत नांदेडला रिसेप्शनवर."

रिसेप्शनवर तिने पाच वर्षे काढली होती. येणाऱ्याला हसून बसवायचे, चहा मागवायचा आणि गाडी दाखवायला दुसऱ्या कोणाला तरी हाक मारायची. गाडी चालवायला मिळावी म्हणून ती आईला कंधारला ठेवून लातूरला आली होती. मालक गेल्यावर ती एवढेच म्हणाली, "रिसेप्शनच्या खुर्चीवर मी परत बसणार न्हाई." आवाज चढवला नाही, पण मला तिची काळजी वाटली. आणि खरे सांगायचे तर आम्हा सर्वांचीच वाटली.

आता आमच्या बोअरचे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. शोरूमच्या मागे एक बोअर होती. गाड्या धुण्यासाठी घेतलेली, आणि आसपासच्या सगळ्या आटल्या तरी ही नशिबाने थोडी थोडी येत होती. ताईने आल्या आल्या गाड्या धुणे बंद केले, मागच्या भिंतीतून एक नळ बाहेर काढला आणि मागच्या वस्तीतल्या बायकांना सकाळ-दुपार पाणी सोडायला लागली. मालकांना विचारून घेतले होते. ते म्हणाले होते, "तुझी जबाबदारी." तेव्हापासून मागच्या गल्लीत घागरींची रांग असायची.

महिना संपायला आला आणि एक गिऱ्हाईक आले. बाप आणि मुलगा, उदगीरकडचे. नवा जिल्हा होणार, नवा जिल्हा होणार, अशी हवा उठली होती आणि त्या हवेवर त्यांच्या रानाचे प्लॉट झाले होते. मुलाला गाडी हवी होती. बाप पांढऱ्या धोतरातला, उंचापुरा, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. पायरीवर ताईच्या चपला पाहिल्या आणि म्हातारबाबांनी न विचारताच आपल्या वहाणा शेजारी काढल्या.

"केवढ्याला?" त्यांनी विचारले.

"रस्त्यावर सांगते, बाबा. बसा."

गाडी निघाली. मुलगा मागे माझ्याजवळ, म्हातारबाबा पुढे. मोकळ्या पट्ट्यावर तिने पाय दाबला तेव्हा मुलगा खूश झाला आणि म्हातारबाबा हसले. दात नव्हते, पण हसू मोठे होते. गतिरोधकावर घर्र झाले, वळताना झाले नाही. मग लिंबाच्या सावलीत गाडी उभी करून तिने किंमत सांगितली, सगळी.

म्हातारबाबांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "कमी किती करता?"

"काहीच न्हाई, बाबा. पहिल्यांदाच खरी सांगितली."

"बरं. पैशाचं राहू दे. वरनं काय देता?"

इथे लोक वरून मॅट मागतात, कव्हर मागतात, एकाने शोरूमचे घड्याळ मागितले होते. तिने वहीत लिहायला पेन काढले. म्हातारबाबा म्हणाले, "पोराचं लगीन हाय म्होरल्या आठवड्यात. मांडवाला पाणी न्हाई. पैसे टाकले तरी टँकर मिळंना गेलाय. तुमच्यात बोअर हाय म्हणून ऐकलं. दोन टँकर पाणी द्या, आत्ता सही करतो."

मी मागून जवळजवळ ओरडलोच, "देऊ की!" एवढ्या मोठ्या गाडीवर दोन टँकर पाणी! मालकांनी तर हसत हसत दिले असते.

ताईने पेन परत खिशात घातले. "पाणी न्हाई द्यायला जमणार, बाबा. गाडी विकायला ठेवलीय. पाणी न्हाई ठेवलेलं."

"दोन न्हाई तर एक द्या."

"एक बी न्हाई. मागल्या वस्तीचं पिण्याचं हाय ते."

मुलगा चिडला. "मॅडम, पन्नास लाखाची गाडी घ्यायलोय आम्ही. पाण्यावरून घालवता का?"

तिने गाडी सुरू केली. परतीच्या वाटेवर मी तिच्या मानेकडे बघत होतो आणि मनातल्या मनात तिला समजावत होतो, की बाई, एका टँकरने वस्ती मरत नाही, तुझी खुर्ची मात्र जाते. शहराच्या तोंडाशी गाडी रसवंतीच्या गार मांडवाखाली थांबली आणि दोघे बापलेक उतरून रस प्यायला गेले तेव्हा मी हे मोठ्याने म्हणालोही.

"माझी आज्जी सांगायची," ती आरशात माझ्याकडे बघून म्हणाली. "आमच्या लोकांनी घागर खाली ठेवायची, आणि कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं. तास न् तास बसायच्या बाया. आता नळ माझ्या हातात हाय. खुर्चीसाठी तो मी दुसरीकडं फिरवला तर आज्जीला काय सांगू?"

त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला आणि आता शाखा बंद होणार हेही स्पष्ट दिसले.

पुढच्या फाटकाचा चढ उंच होता, तिथे गाडीचे पोट घासायचे. म्हणून ही गाडी आम्ही नेहमी मागच्या गल्लीतून आत घ्यायचो. त्या दिवशीही घेतली. दुपारची वेळ, घागरींची रांग गल्लीत आडवी पसरलेली. गाडी अडली. ताई उतरून अनवाणीच घागरी बाजूला सरकवू लागली. बाईमाणूस घागरी उचलतेय आणि आपण थंडगार बसलोय, हे म्हातारबाबांना बरे वाटले नसावे. तेही दार उघडून उतरले आणि इथे रसवंतीसारखी सावली नाही आणि वहाणा पायरीवर राहिल्यात, हे त्यांच्या ध्यानात आले.

एप्रिलची डांबरी गल्ली. ते एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, असे नाचायला लागले. ताईचे पाय सरावलेले, तिला काही नाही. मुलगा हसू दाबत होता. रांगेतली एक म्हातारी नुकतीच घागर भरून उठत होती. तिने हे पाहिले आणि म्हणाली, "अगं माय, मालकाचं पाय भाजलं की." आणि कोणी काही बोलायच्या आत तिने घागर कलती करून त्यांच्या दोन्ही पायांवर पाणी ओतले.

म्हातारबाबा जागच्या जागी उभे राहिले. "असू दे माय, असू दे," ते घाईने म्हणाले. "प्यायचं पाणी हाय ते. पायावर कशाला घालाय लागलीस?"

"पाय काय माणसाचं नसत्यात व्हय?" म्हातारी म्हणाली आणि अर्धी झालेली घागर घेऊन पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

म्हातारबाबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या पायांखालचे पाणी बघता बघता वाळून गेले. मग तसेच अनवाणी चालत, गाडीत न बसता, ते मागच्या दाराने शोरूममध्ये आले आणि ताईच्या टेबलासमोर बसले.

"पोरी, किंमत परत सांग. इथं, खोलीत."

तिने सांगितली. रस्त्यावर सांगितली होती तीच, टायरसकट.

"टँकरचं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मांडवाचं आमचं आम्ही बघतो. सही कुठं करायची ते दाखव."

सही करताना त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही आणि तिनेही त्यांच्याकडे पाहिले नाही. कागद मी पुढे केले. जाताना त्यांनी पायरीवर वहाणा घातल्या आणि म्हणाले, "तुमच्यात गाडीच्या आधी माणसाला अनवाणी करतेत."

शाखा तिच्याकडे आली. मॅनेजरच्या खुर्चीवर ती बसली, पण दिवसातून चार वेळा उठून गिऱ्हाइकांना स्वतःच घेऊन जायची. एवढे मात्र केले की दुसऱ्याच दिवशी बाजारातून मोठ्या मापाच्या रबरी चपलांचा एक जोड आणून टेस्ट ड्राइव्हच्या गाडीच्या डिकीत ठेवला. "परत कुणाचे पाय भाजायला नकोत," ती म्हणाली. तुम्ही म्हणाल, लोकांना चपला काढू नका एवढेच सांगितले असते तर? मीही तेच म्हणालो. तिने हसून किल्ली उचलली.

पुढे पाऊस झाला, बोअरी भरल्या, नवा जिल्हा काही झाला नाही. ताईला पुण्याच्या मोठ्या शोरूमने बोलावले आणि ती आईला घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "नळाकडं बघत जावा." मी बघतो. कधीमधी फोन येतो. तिथे किंमत भिंतीवर लिहिलेली असते, त्यामुळे रस्त्यावर सांगायला काही उरत नाही, असे ती म्हणते. चपला अजून काढते.

आमच्याकडे आता नवा सेल्समन आहे, टाय लावतो, किंमत दारातच सांगतो. गाड्या पुन्हा धुतल्या जातात. पण का कोण जाणे, टेस्ट ड्राइव्हला आलेले लोक अजूनही पायरीवर चपला काढतात. तो सांगतो, "सर, गरज नाही, घालूनच बसा." लोक ऐकत नाहीत. म्हणतात, "असू द्या, इथली पद्धत हाय." कोणी सुरू केली, हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही.

मला ठाऊक आहे. म्हणून रोज सकाळी कर्जाचे कागद उघडण्याआधी मी बाहेर जातो, टेस्ट ड्राइव्हच्या नव्या गाडीची डिकी उघडतो आणि रबरी चपलांचा तो जोड आत आहे ना, ते बघून येतो.