तीन नावं

घर बदलताना पासवर्डची वही हरवली आणि माझं ई-मेलचं खातं बंद पडलं. मदत केंद्राला फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "काकू, खातं तुमचंच आहे याची खात्री करायचीय. गेल्या महिन्यात कुणाला मेल पाठवलेत? तीन नावं सांगा."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. समोरच्या गच्चीवर एक बाई मोठ्या चादरीच्या कडेचा मध्य हनुवटीखाली दाबून, हात लांब ताणून, एकटीच घडी घालत होती.

"काकू, आहात ना?"

"आहे गं. मी फक्त मलाच पाठवते. औषधांच्या वेळा, किराणा. विसरायला होतं ना."

तिनं कीबोर्डवर काहीतरी खटखट केलं. मग हळूच म्हणाली, "चालेल काकू. तेच जुळतंय."

खातं उघडलं. आपण आपणच आहोत हे सांगायला दुसऱ्या कुणाचं नाव लागतं, हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. गच्चीवरची बाई केव्हाच आत गेली होती.

बऱ्याच वेळानं मी शैलाला, माझ्या शाळेतल्या जुन्या सहशिक्षिकेला, मेल लिहायला घेतला. विषयाच्या रकान्यात काय लिहावं, ते सुचेना. शेवटी लिहिलं, 'सहज'.