पोतेऱ्याखालची भेग

नजीरभाई वारल्याचा निरोप बेंबळीहून आला तेव्हा मी पारावर दहा माणसांना हसवत बसलो होतो. गोष्ट अर्धीच टाकून मी उठलेला गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला...

नजीरभाई सरकारच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात होते, मी त्यांच्या जीपचा ड्रायव्हर. साठ सालानंतरच्या एका हिवाळ्यात भूकंपाचा हादरा आपल्या बालाघाटापर्यंत आला. डोंगरातल्या कुठल्या गावाला किती हिसका बसला, किती पडझड झाली, ते नकाशावर रंगानं दाखवायचं काम त्यांच्याकडं आलं. गडद रंगाच्या गावांना आधी मदत मिळणार होती. मी सांगायचो, डोंगर असा घुसळला की म्हशींचं दूध सडातच विरजलं. ते म्हणायचे, "शंकर, तुझ्या बोलण्याला मी दहानं भागतो, तरी लई उरतं."

एका गावात पोचलो तर एकही भेग दिसेना. साहेब येणार म्हणून बायांनी अख्खं गाव पांढऱ्या मातीनं पोतारून काढलं होतं. सरूबाई नावाच्या म्हातारीच्या घरी नजीरभाईंनी भिंतीला हात लावला. पोतेरा अजून ओला होता. भिंतीलगत बाजेवर सरूबाईंची बाळंतीण लेक निजलेली.

"मावशी, हे जरा खरवडू द्या."

"पाव्हण्याम्होरं घराची लाज काढू व्हय?" सरूबाई आडव्या उभ्या राहिल्या.

नजीरभाई खाली बसले. "हकिमाला नाडी दाखवताना बांगड्या मागं सारता का न्हाय?"

म्हातारी हसली नाही, पण विळा तिनंच आणला. पोतेरा निघाला अन् भेगेत माझा पंजा मनगटापर्यंत गेला. ह्याला दहानं भागू नका. बाज तशीच उचलून अंगणात मांडवाखाली नेली. मग घरोघर विळे निघाले, आणि नकाशावर ते गाव गडद झालं.

थोड्याच दिवसांत जमीन पुन्हा हलली. सरूबाईंची भिंत आत कोसळली, बाज होती त्याच जागेवर. लेक आणि बाळ अंगणात होती. हे कळल्यावर नजीरभाईंनी जीपमध्ये नकाशा मांडीवर उघडला. मग म्हणाले, "ज्या घरांत आपण हात लावला नाही, तिथं काय असंल रे?" मी जीप चालू केली.

नजीरभाईंच्या चाळिसाव्या दिवसाला बेंबळीला गेलो. त्यांच्या बायकोनं, भाभींनी, घराला चुना दिला होता. नजीरभाईंच्या खोलीत मात्र एका बारीक भेगेभोवतीची हातभर जागा तशीच सोडलेली. भेगेवर आडवी कागदाची पट्टी चिकटवलेली होती. भेग वाढली की पट्टी फाटते, म्हणून नजीरभाई ती लावून ठेवायचे. पट्टी शाबूत होती.

"रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर बघायचे," भाभी म्हणाल्या. "आता मी बघते."