साहेबाच्या छत्रीचा पाय

आमच्या अंगणात अजून एक दगड पडलेला आहे. दगड आपलं म्हणायचं म्हणून. तो खाणीतला नाही, आम्ही घरी ओतलेला आहे. अंगानं नांदेसारखा गोल, मधोमध लोखंडी नळीचा तुकडा. सुना त्यावर पापड वाळत घालतात, नातवंडं त्यावर उभी राहून भाषणं ठोकतात. हे काय आहे म्हणून कोणी विचारलं की मी सांगते, साहेबाच्या छत्रीचा पाय. मग सगळे हसतात. हसोत बापडे. तो पाय तयार होताना मी तिथे होते, ते नव्हते.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमचं घर नागपुरात, इतवारीच्या मागच्या गल्लीत, विणकरांचं. घरात दोन माग होते. एकावर माझे सासरे बसत, त्यांना मी मामाजी म्हणायची. दुसऱ्यावर माझे यजमान. माग पुरुषांचे, पण घर चालायचं ते सासूच्या, आत्याबाईंच्या हातावर. सुताचा ताणा, म्हणजे विणायचे उभे धागे, सकाळी गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचा, त्याला तांदळाची खळ लावायची आणि कुंच्यानं झाडत झाडत खडखडीत वाळवायचा, याला आमच्यात पाजणी म्हणतात. ताण्यात ओल राहिली की सूत एकमेकांना चिकटतं, मागावर तुटतं आणि विणणाऱ्याचा दिवस गाठी मारण्यात जातो. आत्याबाई नुसतं बोट लावून सांगत, कुठे ओल आहे ते. गल्लीतल्या दुसऱ्या घरांच्या पाजणीलाही त्यांना बोलावणं यायचं. मला मात्र त्यांनी पहिलं वर्षभर कुंच्याला हात लावू दिला नाही. मी मनातल्या मनात त्यांच्यावर फार जळायची, खोटं कशाला सांगू.

त्या हिवाळ्यात आत्याबाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. महिन्याभरानं बोलणं परत आलं, हात काही आला नाही. तेव्हापासून त्या आतल्या खोलीत खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. वैद्य म्हणाले, बाईला मोकळ्या हवेत बसवा, अशा कोंडून घेतल्या तर पुढचा हिवाळा काही बघणार नाहीत. हे त्यांनी मामाजींना ओसरीवर हळूच सांगितलं, पण मी दाराआडच होते, मला ऐकू आलं. मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. नवराबायको चारचौघांत एकमेकांशी बोलत नसत. माझ्यासमोर तर नाहीच नाही. काही सांगायचं असलं की ते माझ्यामार्फत, आणि आमच्या बोलीत, जिच्यात बाईसुद्धा देतो, सांगतो असंच म्हणते. मामाजी खोलीच्या दारात उभे राहून मला म्हणायचे, "सूनबाई, तुह्या सासूले विचार, अंगणात खाट टाकू का?" आत्याबाई चार हातांवर पडलेल्या, सगळं ऐकू येत असे. तरी त्या भिंतीकडे बघत मलाच म्हणणार, "तुह्या मामाजीले सांग, मी अथीच बरी हाये." मी मध्ये उभी राहून एकदा इकडे मान हलवायची, एकदा तिकडे. टपालवाल्याला निदान पायपीट तरी असते, मला तीही नव्हती.

मामाजींनी डोक्यात घेतलं की सावली नाही म्हणून बाई बाहेर येत नाही. अंगणातला निंब आदल्या उन्हाळ्याच्या वादळात पडला होता आणि अंगण उघडंबोडकं झालं होतं. वैशाखात नागपूरच्या अंगणात खाट टाकून बसायचं म्हणजे पापडासारखं भाजून निघायचं. मांडव घालू म्हटलं तर बांबू ताण्याच्या वाटेत येणार. तेवढ्यात त्यांना कोणी सांगितलं की सिव्हिल लाइन्समध्ये एक साहेब विलायतेला परत चाललाय, त्याच्या सामानाचा लिलाव आहे, त्यात आरामखुर्ची आहे. मामाजी खुर्ची आणायला गेले आणि छत्री घेऊन आले.

छत्री म्हणजे आपल्या हातातली नव्हे. बागेत मेजावर उभी करतात ती, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, उघडली की खाट सबंध झाकेल अशी. दांडा मनगटाएवढा जाड. तिच्याखालचा लोखंडी पाय कोणीतरी आधीच वेगळा उचलून नेला होता, म्हणूनच ती कोणाला नको होती. मामाजी ती खांद्यावर टाकून इतवारीतून आले तेव्हा लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते. आत्याबाईंनी मला विचारलं, बाहेर गलका कसला आहे. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तुह्या मामाजीले सांग, येड लागलं काय.

पाय घरीच करायचं ठरलं. समोरच्या घरात एक गवंडी राहायचे, त्यांच्याकडे शिमिटाचं अर्धं पोतं उरलेलं होतं. कन्हान नदीची रेती गाडीवाल्यानं आणून टाकली. गवंडी म्हणाले, मी येऊन ओतून देतो, तासाभराचं काम. पण मामाजी ऐकतील तर शपथ. चाळीस वर्षं खळ करणाऱ्या माणसाला हे राखुंड्या रंगाचं पीठ कालवायला शिकवायचं, याचाच त्यांना राग आला. आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त विणकरच करू जाणे.

त्यांनी शिमिटाची खळ केली. गवंड्यांनी मिसळायला दिलेली गिट्टी, म्हणजे बारीक खडी, त्यांनी बाजूला सारली, कारण खळीत गुठळी म्हणजे घराण्याची अब्रू गेली. रेती फडक्यातून गाळली. पाणी इतकं घातलं की वाटीनं वाढता यावं. खळ पातळ असली की आत मुरते, हा त्यांचा आयुष्याचा अनुभव. फुटकी नांद घेऊन तिच्यात ते ओतलं, मधोमध तेल लावलेला बांबूचा तुकडा उभा केला आणि नांद भर उन्हात नेऊन ठेवली. वर पुन्हा पंख्यानं वारा घालत बसले. तिसऱ्या दिवशी ते पांढरंफटक वाळलं, तेव्हा मामाजींचा चेहरा बघण्यासारखा होता. बांबू काढला, नांद फोडली, गोळा अंगणाच्या मधोमध लोटला आणि छत्री उभी केली. माझ्या यजमानांनी टाळी वाजवली. मीही खूश झाले.

दुपारी वावटळ आली. गोळ्याचे तीन तुकडे झाले, छत्री उलटली आणि फाटकातून गल्लीत जी निघाली ती थेट शेजाऱ्यांनी दुरुस्त करायला ताणलेल्या ताण्यात जाऊन घुसली. संध्याकाळपर्यंत आमच्या घरची सगळी माणसं शेजाऱ्यांचे धागे जोडत बसली होती. मामाजी मान वर करत नव्हते. घरी आल्यावर ते खोलीच्या दारापर्यंत गेले आणि मला काहीच न सांगता परत फिरले. आतून आत्याबाईंनीही काही निरोप दिला नाही. त्या दिवशी मला मामाजींची फार कीव आली. त्यांना पुढचा हिवाळा दिसत होता, आणि करता येण्यासारखं एवढं एकच त्यांना सुचलं होतं.

दुसऱ्या दिवशी गवंडी न बोलावता आले. चांगलं माणूस. हसले नाहीत. गिट्टी, रेती, शिमिट मोजून घेतलं, पाणी बेताचं घातलं, दुसरी नांद मागितली, बांबूऐवजी नळीचा तुकडा कायमचाच बसवला. मग त्यांनी वर ओलं पोतं गुंडाळलं आणि मामाजींना सांगितलं की शिमिट वाळवायचं नसतं, त्याला पाणी पाजायचं असतं. सात दिवस हे पोतं क्षणभरही सुकू द्यायचं नाही. सुकलं की मागच्यासारखंच होणार.

मामाजींनी मान डोलावली, पण ते त्यांच्या हाताला पटत नव्हतं. जन्मभर ओल हटवण्यात गेलेला माणूस, त्याला एखादी वस्तू मुद्दाम ओली ठेव म्हटलं तर हात उचलेना. आणि वैशाखातलं ऊन; पोतं अर्ध्या तासात करकरीत व्हायचं. यजमान लग्नसराईच्या लुगड्यांना लागलेले, मी चुलीपासून सुताच्या कांड्या भरण्यापर्यंत सगळीकडे. पहिल्याच दुपारी मामाजी पोत्याशी बसल्या बसल्या पेंगले.

मी चुलीपाशी होते. आतून आत्याबाईंची हाक आली. एवढ्या मोठ्यानं त्यांनी हिवाळ्यानंतर कोणाला हाक मारली नव्हती.

"सूनबाई, माही खाट बाहेर काढ वं. ते पोतं वाळून राहिलं."

मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं. त्या म्हणाल्या, मघापासून पाणी पडल्याचा आवाज नाही.

मी आणि यजमानांनी खाट उचलून अंगणात, नांद त्यांच्या डाव्या हाताला येईल अशी ठेवली. उशाशी बादली, त्यांच्या डाव्या हातात लोटा. पहिला लोटा त्यांच्याच लुगड्यावर सांडला. दुसरा अर्धा पोत्यावर गेला. तिसऱ्याला त्या माझ्यावर खेकसल्या, बादली अर्धीच काहून आणली म्हणून. मी पाणी आणायला वळले आणि आडाशी उभी राहून रडले. इतक्या महिन्यांत त्या मला रागावल्या नव्हत्या. मला वाटायचं, सुटले एकदाची. त्या दिवशी कळलं की ते रागावणं गेल्यापासून घरात करमतच नव्हतं.

आणि हेही कळलं की सावलीचा प्रश्न नव्हताच. गल्लीनं ज्या बाईला बोटानं ओल ओळखताना पाहिलं, तिला लुळा हात मांडीवर ठेवून नुसतं बसलेलं गल्लीनं बघावं, हे त्यांना नको होतं. मामाजींना ते कळलं नाही, मलाही नाही. रोज दोघांचे निरोप मी पोचवायची, तरी नाही.

पण ऊन तर होतंच. खाट उन्हात, आणि छत्रीला पाय नाही. पाय भिजत पडलेला. मामाजी जागे झाले, त्यांनी बघितलं. कोपऱ्यातली छत्री उघडली, दांडा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि खाटेमागे उभे राहिले. ऊन सरकलं तसे सरकले. यजमान म्हणाले, मी धरतो, तुम्ही बसा. त्यांनी दिली नाही. गल्लीतली माणसं फाटकाशी येऊन बघून गेली, एकदोघं हसलीही असतील. त्या दिवशी आमच्या घरातली लाज कुठे गेली होती कोण जाणे.

असे सात दिवस. आत्याबाईंचा नेम बसला. चौथ्या दिवसापासून एक थेंब बाहेर जाईना. सकाळी गल्लीत पाजणी चालायची, त्या खाटेवरून ओरडायच्या, तिकडच्या टोकाला ओल हाये अजून, झाडा बरोबर. आणि ओल असायची.

सातव्या दिवशी गवंडी आले, पोतं काढलं, नांद फोडली, हातोडीनं टकटक केलं आणि म्हणाले, झालं, आता हत्ती बांधा. ते फाटकाबाहेर पडले तशी मामाजींनी घसा खाकरला आणि मला म्हणाले, "सूनबाई, तुह्या सासूले सांग, गवंडी म्हणते, आखीन आठ रोज पाणी लागन."

गवंडी असं म्हणाले नव्हते, आणि ते मला माहीत होतं. मामाजी माझ्याकडे बघत नव्हते.

तेव्हा आत्याबाईंनी मान वळवली. माझ्याकडे नाही, मागे, त्यांच्याकडे. आणि माझ्यादेखत, उघड्या अंगणात, त्या थेट बोलल्या.

"मले ऐकू येते. पाणी देतो मी, आठ काय न् दहा काय. तुमी छत्री त्यात लावा आता. हात भरून आला असन तुमचा."

मामाजींना कुठे बघावं कळेना. त्यांनी छत्री नळीत बसवली, दोनदा हलवून पाहिली आणि सावलीत खाटेच्या पायथ्याशी जमिनीवरच बसले. मी आत निघून आले. पहिल्यांदाच त्या दोघांमध्ये माझं काही काम नव्हतं.

तो हिवाळा आत्याबाईंनी बघितला, आणि त्याच्या पुढचे दोन. दगड केव्हाच पक्का झाला होता, तरी रोज सकाळी खाट बाहेर आली की पहिला लोटा त्याच्यावर पडायचा. एकांतात ते दोघं काय बोलत असतील ते असोत, पण माझ्यासमोर पुन्हा सगळं माझ्यामार्फतच सुरू झालं, जणू काही घडलंच नव्हतं.

त्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या गेल्या. दिवस झाले, पाहुणे परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. मामाजी लोटा घेऊन बाहेर आले. ते दगडाशी वाकले, सावकाश सगळं पाणी त्याच्यावर ओतलं, हात फिरवून कुठे कोरडं राहिलं का ते बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"सूनबाई, तुह्या सासूले सांग, पाणी देल्लं म्हणून."

मी झाडू खाली ठेवला आणि म्हटलं, "सांगतो, मामाजी."