केंदाळाचं वाण

गवत उपटणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. पण उपटलेल्या गवतातल्या प्रत्येक गोगलगाईला सुखरूप घरी पोचवल्याशिवाय ते गवत न फेकणारा मनुष्य मी उभ्या वऱ्हाडात एकच पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. शिरपूरपासून गाडीवाटेनं गेलं की आतोबांचं गाव लागे. जमीन चांगली, विहिरीला बारमाही पाणी, मळ्यात संत्र्याची झाडं. अशा माणसानं कापसाच्या भावावर आणि पावसाच्या नक्षत्रांवर बोलावं ही लोकांची रास्त अपेक्षा असते. आतोबा मात्र तळ्यावर बोलत. हे तळं त्यांनी स्वतःच खणलं होतं. मोटेचं पाणी थारोळ्यातून सांडून वाया जातं, म्हणून विहिरीच्या खालच्या अंगाला त्यांनी एक खड्डा केला. खड्ड्यात पाणी साचलं, पाण्यात बेडूक आले, बेडकांच्या मागोमाग बगळे आले, आणि ही सगळी मंडळी आपल्याकडे पाहुणी म्हणून आली आहेत असं आतोबांनी मनाशी ठरवून टाकलं.

पाहुण्यांची बडदास्त म्हणजे मुख्यतः तळ्यातल्या गवताचा बंदोबस्त. शेवाळ, लव्हाळा, पाणवेली यांना मोकळं सोडलं तर दोन पावसाळ्यांत तळ्याचा चिखल होतो. म्हणून दसरा झाला की आतोबा धोतराचा काचा मारून छातीइतक्या पाण्यात उतरत. पण सगळं गवत ते कधीच काढत नसत. एका वर्षी तळ्याचा तिसरा हिस्साच साफ करायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तुह्या घराचं छप्पर समदं एकाच दिवशी काढलं त तू कुठी निजशीन?" उपटलेला झुबका ते पाण्यातच तीनदा हलवत, मग काठाशी उताराला पसरून ठेवत. त्यातल्या किड्यांनी, गोगलगाईंनी, बेडकाच्या पिल्लांनी संध्याकाळपर्यंत आपापलं पाण्यात निघून जावं अशी व्यवस्था होती. कुणी रेंगाळलंच तर आतोबा त्याला बोटानं वाट दाखवत. एकदा त्यांच्या पुतणीला स्थळ घेऊन पाहुणे आले, तेव्हा आतोबा तळ्यातच होते. बाहेर येण्याऐवजी त्यांनी मुलाच्या बापाच्या हातात एक चिंब झुबका दिला आणि म्हणाले, "धरा हो जरासं. सांभाळून, याच्यात पिल्लं हायेत." तो भला गृहस्थ देण्याघेण्याची सगळी बोलणी संपेपर्यंत तो झुबका दोन्ही हातांत धरून बसला. लग्न जमलं. माणूस पारखायची याहून चांगली रीत नाही, असं आतोबा पुढे कित्येक वर्षं सांगत होते.

आत्याला हे तळं डोळ्यांसमोर नको असे. ती त्याला सवत म्हणे. डास तिथलेच, वास तिथलाच, आणि रात्रभर चालणारा बेडकांचा गोंधळही तिथलाच. "माह्या माहेरचं मानूस आलं त याहीले ठाव नसते," ती मला ऐकवी, "बगळा आला का धावत जातेत." तळं बुजवून तिथे सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वाफा करावा ही तिची मागणी माझ्या जन्माआधीपासूनची होती. त्या बगळ्यांपेक्षाही आतोबांचा जीव खरा होता टिबुकलीवर. मुठीएवढा हा पाणपक्षी. पाहता पाहता बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. पावसाळ्यात त्याची एक जोडी येई आणि लव्हाळ्याला बांधलेलं तरंगतं घरटं करी. अंडी उबत असताना आतोबा मोटेच्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवत. घरातल्या गड्यांनाही मळ्यात खोकायची बंदी होती.

अशा जाणत्या माणसानं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, घरी आणावं याला काय म्हणावं! दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. कसल्याशा खटल्यात साक्ष द्यायला आतोबा अकोल्याला गेले होते. तिथे कुणा वकिलाच्या हौदात त्यांनी ते पाहिलं. फुगीर देठ, वर जांभळा तुरा, पाण्यावर आपलं आपण तरंगतंय. साक्ष काय दिली ते त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही, पण एक रोप मागून घेऊन ते फिरकीच्या तांब्यात घालून, स्वतः तहानलेले राहून, मोटारीनं वाशीमपर्यंत आणि पुढे गाडीनं त्यांनी घरी आणलं. आयुष्यभर गवत उपटलेल्या माणसाला हे गवत ओळखता आलं नाही, कारण त्याला फूल होतं.

रोपाला पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली, आणि थंडीपर्यंत अर्धं तळं झाकलं. आता हे जिवंत रोप उन्हात टाकून वाळवायचं आतोबांच्या जिवावर येईना. तेवढ्यात संक्रांत आली. हळदीकुंकवाला यंदा काय लुटावं, हा आत्याचा दरवर्षीचा घोर. आतोबा म्हणाले, हेच लुट. आत्याला तळ्याचा राग असला तरी गावात कुणाकडे नाही असं वाण आपल्या हातून जाणार याचा मोह तिलाही पडला. प्रत्येक सवाष्णीला पाण्यानं भरलेल्या सुगडात एकेक रोप मिळालं. एखाददुसऱ्यावर तुराही होता. बायका हरखल्या. पाटलीणबाईंनी आपलं रोप सुकू नये म्हणून विहिरीत सोडलं, आणि पाटलीणबाईंनी केलं ते बाकीच्यांनी केलं.

पुढचा पावसाळा सरेपर्यंत गावात एकाही विहिरीचं पाणी दिसेना. बादली सोडली की हिरवा भारा वर येई. मोटेची सोंड तुंबे. दिवाळीनंतर गाव पारावर जमलं. पाटील काही वाईट मनुष्य नव्हता. तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या पाखराइशी आमचं काही वाकडं नाई. पन गुढीपाडव्याले गावात का तुमच्या तळ्यात याचं एक पान दिसलं, त मी मुरमाच्या गाड्या आनतो अन् तळं बुजवतो." आतोबांनी विचारलं, "मंग टिबुकली कुठी जाईन?"

वास्तविक पुरुषांनी विहिरीत उतरून ते केंदाळ काढायला काय हरकत होती? पण बायका आडव्या आल्या. सवाष्णीच्या हातून घेतलेलं वाण उकिरड्यावर टाकायचं, हे कुणालाच पटेना. घरधन्याचं काही बरंवाईट झालं म्हणजे? मग आतोबा दारोदार जाऊन ते परत मागू लागले. "वान कुठी वापस देतेत का, मामाजी?" प्रत्येक दारात हेच. पाडवा जवळ येत चालला तशी आतोबांची भूक गेली. ताटावर बसत आणि उठत. मी नाताळच्या सुटीत गेलो तेव्हा तळ्याच्या काठावर बसले होते. म्हणाले, "बुजू दे आता."

आत्याला इतकी वर्षं जे हवं होतं ते आता आपोआप होणार होतं. तिनं फक्त गप्प बसायचं होतं. पण संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती पाटलीणबाईंकडे गेली आणि म्हणाली, "वापस नोका देऊ व माय. यंदा तुमी लुटा. जिचं तिचं वान मले द्या, मी घेतो समद्याइचं." यात कुणालाच खोट काढता येईना. रथसप्तमीपर्यंत आत्याच्या अंगणात बायकांची रीघ लागली होती. नवरे विहिरीतून भारे काढून देत, बायका टोपल्यांतून ते आणत, आत्याला हळदीकुंकू लावत आणि तिच्या पदरात ओतत. तिचं एकुलतं एक जरीचं लुगडं चिखलानं काळंहिरवं झालं. मागे आतोबा उभे. पदरातला प्रत्येक भारा घेत, तळ्यावर नेत, झटकत, काठाला वाळायला पसरत. एका भाऱ्यातून बेडूक निघून आत्याच्या मांडीवर बसला. बेडकाची तिला शिसारी होती. ती हलली नाही. "घ्या," ती म्हणाली, "तुमचं मानूस आलं."

पाडव्याला पाटील आला तेव्हा तळ्याचा तळ दिसत होता. केंदाळाची मुळं सगळ्यात गुंतलेली, त्यामुळे आतोबांना त्या वर्षी लव्हाळ्यासकट सगळंच काढावं लागलं. तळं वाचलं. पावसाळा आला, पाणी भरलं, आणि टिबुकल्या आल्या नाहीत. आतोबा रोज सकाळी जाऊन पाहत आणि परत येऊन अर्धी भाकर ठेवून उठत. आत्यानं मला स्वयंपाकघरात बोलावलं. "त्या पाखराले कोनतं गवत लागते रे?" मी शाळामास्तर, मला काय माहीत? तिनं नवऱ्याला न विचारताच शेजारच्या गावच्या तलावावरून पाणकणसाचे गड्डे गाडीत घालून आणले आणि लुगडं खोचून जन्मात पहिल्यांदा त्या तळ्यात उतरली. आतोबा काठावर उभे होते. कुठे लाव, कसं लाव हे न सांगता एकेक गड्डा तिच्या हातात देत राहिले.

पुढच्या पावसाळ्यात टिबुकल्या आल्या. घरटं आधी आत्याला दिसलं. तिनं कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक केला.

त्यानंतर दोन वर्षांनी आत्या गेली. मी बऱ्याच काळानं मळ्यात गेलो तेव्हा पाणकणसानं तळं पार गिळलं होतं. टिबुकलीला बुडी मारायला मोकळं पाणी लागतं, हे मलाही आता आतोबांमुळे ठाऊक होतं. ते पाणी उरलं नव्हतं आणि टिबुकल्याही नव्हत्या. "थोडं तरी काढा," मी म्हणालो, "मीही उतरतो तुमच्यासंगं." काठाशी वाकलेलं एक पाणकणीस आतोबांनी हातानं सरळ केलं.

"राहू दे," ते म्हणाले. "ते तिनं लावलं हाये."

आणि माझ्यासाठी चहाचं आधण ठेवायला ते आत गेले.