शेजारच्या गच्चीवरून

हे सौदीत दम्मामच्या बंदरावर फोरमन होते. तीन वर्षं कंपनीच्या कामगार-कॅम्पात काढल्यावर फॅमिली व्हिसा मिळाला आणि मी रत्नागिरीहून तिथे गेले. एका जुन्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता.

सकाळी निघताना हे रोज बजावत, "एकटी बाहेर पडू नकोस. तुला इथलं काही माहीत नाही."

घरात बसून माहीत तरी कसं होणार? पहिला महिना समोरची पिवळी भिंत आणि पाण्याचा टँकर बघण्यात गेला.

एका दुपारी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. वाऱ्याने लोखंडी दार आपटलं आणि आतून खटका पडला. पायात चपला नव्हत्या. दार बडवून हात दुखले, पण खाली ऐकायला होतं कोण?

बऱ्याच वेळाने शेजारच्या गच्चीवर घरमालकाची म्हातारी आई आली. दोन्ही घरं त्यांचीच, म्हणून मधली भिंत कमरेइतकीच होती. तिने माझ्या पोळलेल्या पायांकडे पाहिलं, स्वतःच्या सपाता भिंतीवर ठेवल्या आणि हाताने 'चल, ये' अशी खूण करत म्हणाली, "यल्ला!"

साडी खोचून मी भिंत ओलांडली.

खाली तिच्या दोन सुनांनी माझे पाय गार पाण्यात ठेवले. म्हातारी मूळची जवळच्याच कतीफ गावची, कोळ्यांच्या घरातली, हे मला मागाहून कळलं. तिने स्वयंपाकघरातून माशाची तुकडी आणून दाखवली. "कनअद," ती म्हणाली. मी म्हटलं, "सुरमई!" चौघीही हसलो. महिनाभरात मी पहिल्यांदाच कुणाबरोबर हसत होते.

तेवढ्यात रस्त्यावरून ह्यांची हाक आली, "अगं, कुठे आहेस?" आपल्या किल्लीने दार उघडून घर रिकामं पाहिल्यावर हे खाली धावले होते. इतका कापरा आवाज मी कधी ऐकला नव्हता. म्हातारीने खिडकीतून त्यांना हाक मारली. हे दाराशी मान खाली घालून उभे राहिले.

घरी आल्यावर म्हणाले, "काय काय मनात आलं माझ्या."

"उद्याही मी तिकडे जाणार आहे," मी म्हटलं.

ते "जा" म्हणाले नाहीत, "नको"ही म्हणाले नाहीत. मी गेले.

पुढे त्या सुनांनीच मला आजूबाजूच्या, त्यांच्या भाऊबंदांच्या घरांत नेलं, कधी बाळंतिणीला भेटायला, कधी नुसतं बसायला. तिथल्या मधल्या भिंतीही बुटक्याच, म्हणून आम्ही बहुतेकदा गच्च्यांवरूनच जायचो. त्यामुळे आज कुणी मला त्या गल्लीत उभं केलं, तर कुठलं दार कुणाचं हे मला सांगता येणार नाही.