उडीनंतरची जमीन

१२ नोव्हेंबर, दुपारी चार. लहानपणी गावच्या टॉकीजमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलेला हॉलिवूडचा संगीतपट आज टीव्हीवर लावला. टॉकीजमधले रीळ जीर्ण होते, मधले तुकडे तुटून गेलेले. नायिका जिन्यावरून उडी घेई, आणि ती हवेत असतानाच पडद्यावर पुढचे दृश्य येई. तिचे जमिनीवर येणे मी कधी पाहिलेच नव्हते.

आज ती जिना चढू लागली, तशी माझी मूठ आवळली गेली.

"अहो, श्वास घ्या. नाचतेय ती, तुम्ही नाही," पलंगावरून पत्नी म्हणाली. खुब्याच्या ऑपरेशननंतर ती पडण्याच्या भीतीने उभीच राहिलेली नाही. आता उशीर केला तर पाय कायमचा जाईल, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

नायिकेने उडी घेतली. उतरताना ती स्पष्ट डगमगली, आणि हसू तसेच ठेवून नाचत राहिली. आवडती माणसे आपण मनात हवेतच ठेवतो. तिथे कोणाचा तोल जात नाही.

"मेली डगमगली की," पत्नी म्हणाली. नाच संपेपर्यंत ती पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तो वॉकर कुठे ठेवलात?"

दाराआडचा वॉकर मी पुसला आणि तिच्या हाताशी आणून उभा केला.