आधीच लागलेलं अभिनंदन

वर्तकनगरच्या एका टॉवरच्या स्विमिंग पूलवर यज्ञेश कोळी गळ्यात शिट्टी अडकवून बसतो. पाणी जेमतेम चार फूट. त्यात बुडायचं म्हटलं तरी मेहनत घ्यावी लागेल. टॉवरमधली मुलं त्याला 'भैया' म्हणतात आणि त्यांच्या आया विचारतात, "तुम्हाला नीट पोहता येतं ना?" तो मान डोलावतो. दुसरं काय करणार!

हाच यज्ञेश दहाव्या वर्षी घारापुरीहून गेटवेपर्यंत पोहत आला, तेव्हा कोपरीच्या अख्ख्या कोळीवाड्याने त्याला डोक्यावर घेतलं होतं. शाली इतक्या जमल्या की आईने त्यांच्या गोधड्या शिवल्या. नारळी पौर्णिमेला खाडीला वाहायचा सोनेरी नारळ त्याच्याच हातात द्यायचे आणि मिरवणुकीत त्याला सगळ्यांच्या पुढे चालवायचे. शाळेत पेपर कोरा दिला तरी बाई हसून सोडून द्यायच्या. त्या वयात पोराला काय कळणार? त्याला वाटलं, हे असंच चालायचं.

चौदाव्या वर्षी धरमतरहून गेटवेपर्यंत पोहायचं ठरलं. अंतर दुपटीहून जास्त. कोपरीकरांचा उत्साह असा उतू गेला, की तो पाण्यात उतरायच्या आधीच चौकात फ्लेक्स लागला, 'सागरपुत्र यज्ञेशचे यशस्वी कामगिरीबद्दल हार्दिक अभिनंदन'. बँडवाल्यांना सांगून झालं होतं, जेवणाचा बेत ठरला होता. एवढी तयारी झाल्यावर हरायला जागा कुठे उरली? वाटेत पाय आखडले, उलट्या झाल्या, तरी पोरगं हात मारत राहिलं. शेवटी त्याची शुद्ध हरपली, तेव्हा त्याला होडीत ओढून घेतलं.

फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरला. चांगला जाड होता, फेकायचा कशाला, म्हणून वडिलांनी, चंदूने, तो उलटा करून जाळ्यांवर पांघरला. यज्ञेशला कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. लोक नुसते बोलायचे थांबले. दोस्त पांगले, अभ्यास तर कधीच मागे पडला होता, मिरवणुकीतला नारळ दुसऱ्याच्या हातात गेला. सगळा दोष त्याने मनातल्या मनात बापाच्या माथी मारला. बाबा होडीत बसून बघत होते, एक हात पुढे केला असता तर काय बिघडलं असतं? पण हे तो कधी बोलला नाही. दहा वर्षं बापलेक शेजारी शेजारी बसून जेवले, ते 'मीठ दे' आणि 'दार लाव' एवढंच बोलून.

यंदा शेजारच्या प्राप्तीची पाळी आली. नऊ वर्षांची पोर, घारापुरी ते गेटवे. होडी चंदूची, म्हणून तिच्या बापाने यज्ञेशलाही सोबत घेतलं, पोरीला मधूनमधून धीर द्यायला. पोहताना होडीला किंवा होडीतल्या माणसाला हात लागला की सगळं बाद, हे पोरीला पक्कं पढवलेलं होतं.

गेटवे दिसायला लागलं आणि प्राप्ती यज्ञेशकडे बघून रडू लागली. "काका, पाय दुखतान."

"आता थोडंच रायलंय, पोरी!" तिचा बाप ओरडला. "बँड उभा हाय तिकरं!"

मागचापुढचा विचार न करता यज्ञेशने वाकून हात पुढे केला. "धर गो. काय नाय होत. धर."

प्राप्तीने त्या हाताकडे पाहिलं, घाबरून बाजूला सरकली आणि पुन्हा पोहू लागली. तिच्या बापाने यज्ञेशला एक सणसणीत शिवी हासडली. यज्ञेश मागे जाऊन चंदूशेजारी बसला.

"नाय धरला तिने," तो पुटपुटला.

चंदूने सुकाणू सोडलं नाही, की त्याच्याकडे वळून बघितलं नाही. "तू पन नाय धरलास," तो म्हणाला. "तवा मी किती डाव हात दिलता."

यज्ञेश आठवू लागला. पाणी आठवलं, उलटीची कडू चव आठवली, होडीची काळी कड आठवली. बापाचा हात मात्र काही केल्या आठवेना.